सांगितल्यानंतर

मूल बोलतं तेव्हा ते बोललं हेच पुष्कळदा आपल्या ध्यानात येत नाही. "माझ्यावर अत्याचार झाला" असं सहा वर्षांचं मूल म्हणत नाही. ते म्हणतं, "उद्यापासून मला क्लासला नाही जायचं." किंवा, "मामा मुक्कामाला आला की मी आजीजवळ झोपणार." अंघोळ घालताना मध्येच म्हणतं, "आई, शूच्या जागी दुखतंय." कधी काहीच म्हणत नाही. चौथीतला मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतो, सगळ्यांत मिसळणारी मुलगी कोपरा धरून बसते. आपल्या हातात काम असतं आणि आपण म्हणतो, "बघू नंतर."

तेवढ्यावर न थांबता एखाद्या आईनं, आजीनं किंवा वर्गातल्या बाईंनी नीट ऐकलं, तर पुढं काय काय घडतं आणि काय घडायला हवं, याचं हे प्रकरण आहे.

अत्याचार करणारा बहुधा एकच असतो. पण मूल बोललं की त्याच्या आयुष्यात मोठ्या माणसांची रांग लागते: आईवडील, शिक्षक, मुख्याध्यापक, डॉक्टर, पोलीस, दंडाधिकारी, बाल कल्याण समिती, सरकारी वकील, आरोपीचा वकील, न्यायाधीश. यांतला प्रत्येकजण त्या मुलाला थोडं सावरू शकतो किंवा पुन्हा दुखावू शकतो. सावरणारी आणि दुखावणारी वागणूक यांत फरक असतो तो कामाच्या वाटणीचा. मुलाचं काम एवढंच, की जमेल तेव्हा, जमेल त्या शब्दांत सांगायचं. खरंखोटं तपासणं, पुरावा गोळा करणं, आरोपीला दूर ठेवणं, खर्चाची सोय करणं, खटला पुढं नेणं ही सगळी कामं मोठ्यांची. भारतातला कायदा कागदावर नेमकी हीच वाटणी करतो. ती घरोघरी माहीत नसल्यामुळे सगळा भार पुन्हा मुलावर येऊन पडतो.

मुलं उशिरा का बोलतात

केंद्र सरकारच्या महिला व बाल विकास मंत्रालयानं २००७ मध्ये बाल अत्याचारांचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी त्यासाठी बोलणं झालं होतं. त्यांतल्या ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार अनुभवल्याचं सांगितलं. अशा मुलांमध्ये मुलगे निम्म्याहून किंचित जास्त होते. "आम्हाला मुलगाच आहे, काळजी नाही" असं म्हणणाऱ्या घरांनी हा आकडा लक्षात ठेवावा. बहुसंख्य मुलांनी हे तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी दरवर्षी आणखी एक गोष्ट दाखवते: मुलांवरच्या बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीतले असतात. नातेवाईक, शेजारी, कुटुंबाचा मित्र, शिकवणारा, गाडीतून शाळेत सोडणारा.

मुलाचं गप्प राहणं या ओळखीतूनच येतं. रोलँड समिट या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं १९८३ मध्ये यावर मूलभूत लेखन केलं. घरातल्या किंवा ओळखीच्या माणसाकडून अत्याचार होणारं मूल कसं वागतं, याच्या पाच खुणा त्यानं मांडल्या. आधी गुपित असतं: "हे आपल्या दोघांतच ठेवायचं." मग असहायता, कारण मोठ्यांचं ऐकायचं हेच तर मुलाला शिकवलेलं असतं. सुटका नाही असं दिसलं की ते त्या परिस्थितीशी जुळवून घेतं. हसतं, खेळतं, त्याच माणसाकडून खाऊही घेतं. मग कधीतरी उशिरा, अडखळत, तुकड्यातुकड्यांत ते सांगतं. आणि सांगितल्यावर घरात हलकल्लोळ माजला, आई रडू लागली, बाबांनी जेवण सोडलं, की शेवटची खूण दिसते. मूल म्हणतं, "मी खोटं बोललो होतो."

या पाच खुणा म्हणजे अत्याचार झाल्याचा पुरावा नव्हे. त्यांचा उपयोग आपल्या मनातल्या चुकीच्या शंका दूर करण्यासाठी आहे. "झालं होतं तर तेव्हाच का नाही सांगितलं?", "मग त्याच्याशी हसून कसं बोलत होती?", "आज एक सांगते, उद्या दुसरं" या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मुलाच्या भीतीत सापडतात. उशिरा बोलणं, तुटक बोलणं आणि बोललेलं मागं घेणं ही घाबरलेल्या मुलाची नेहमीची वागणूक आहे.

पहिलं ऐकणं

मूल सांगू लागतं तेव्हा ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते. तरीही त्या वेळी चेहरा आणि आवाज शक्य तितका शांत ठेवायला हवा. बाबा संतापानं उठले, "आत्ता जाऊन तंगड्या तोडतो त्याच्या" म्हणाले, तर मोठ्यांना त्यात प्रेम दिसतं. मुलाला फक्त राग दिसतो आणि तो आपल्यामुळे आला असं वाटतं. "तू सांगितलंस तर बाबा मला मारतील आणि मग तेच तुरुंगात जातील" अशी धमकी त्याला आधी मिळालेली असेल, तर ती खरी होताना पाहून ते पुन्हा मिटून जातं.

अशा वेळी फार बोलायची गरज नसते. मोजकी वाक्यं पुरतात. "तू सांगितलंस ते फार बरं केलंस." "माझा तुझ्यावर विश्वास आहे." "यात तुझी काही चूक नाही." आणि मग, "आता पुढं काय करायचं ते मी बघते, आणि जे करीन ते तुला आधी सांगीन." मूल म्हणेल, "पण कुणाला सांगू नकोस हं." इथं खोटं वचन देऊ नये. "तुला सुरक्षित ठेवायला ज्यांची मदत लागेल त्यांनाच सांगीन, बाकी कुणाला नाही," हे खरं आणि पाळता येणारं वचन आहे.

प्रश्न विचारायचा मोह आवरावा. "त्यानं तुझी चड्डी काढली का?" असं विचारलं की उत्तर प्रश्नातच जाऊन बसतं. लहान मुलं मोठ्यांच्या मनासारखं उत्तर द्यायला बघतात. पुढं न्यायालयात "हे मुलाला पढवलंय" असं म्हणायला बचाव पक्षाला जागा मिळते. मुलांच्या जबाबांवर अनेक देशांत झालेल्या संशोधनाचा निष्कर्ष सारखाच आहे: "मग काय झालं?" आणि "त्याबद्दल अजून सांग" अशा मोकळ्या विचारण्यातून सर्वांत विश्वासार्ह माहिती मिळते. तपशील काढून घेणं हे आईचं किंवा शिक्षकाचं काम नाही. मुलाला सुरक्षित ठेवण्यापुरतं कळलं की थांबावं. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून, त्याच्यासमोर नव्हे तर नंतर लिहून ठेवावं. घटना नुकतीच घडलेली असेल तर दवाखान्यात जाईपर्यंत मुलाला अंघोळ घालू नये, कपडे धुऊ नयेत. ते कपडे कागदी पिशवीत ठेवावेत. आरोपीला बोलावून मुलाच्या समोरासमोर उभं करणं तर कधीच करू नये.

कळवायचं कुणी, कुणाला

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, म्हणजे पॉक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल, मुलगा असो वा मुलगी, त्याच्या संरक्षणाखाली येतं. कलम १९ नुसार असा गुन्हा झाल्याचं माहीत असलेल्या किंवा होईल अशी भीती असलेल्या प्रत्येक व्यक्तीनं पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे. नातेवाईक, शिक्षक, डॉक्टर, वसतिगृहाचा अधीक्षक कुणीही याला अपवाद नाही. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. साध्या व्यक्तीला सहा महिन्यांपर्यंत, तर संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सद्हेतूनं कळवणाऱ्यावर मात्र कसलीही कारवाई होऊ शकत नाही.

शाळेनं "आधी आमची अंतर्गत चौकशी पूर्ण होऊ दे" म्हणणं, गावकीत बसून "आपसात मिटवू" म्हणणं, पैसे घेऊन गप्प राहणं, मुलीचं घाईनं लग्न उरकणं, यांतलं काहीही कायद्याला मान्य नाही. लहान वयात लग्न लावून देणं हा तर वर आणखी एक गुन्हा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतल्या चिमुरड्या मुलींवरच्या अत्याचाराची फिर्याद नोंदवायला पालकांना तासन् तास थांबावं लागलं. हजारो लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले आणि मुंबई उच्च न्यायालयानं त्याची स्वतःहून दखल घेतली. लोकांच्या रागाचं एक मोठं कारण हे ताटकळणं होतं. पोलिसांनी "हद्द आमची नाही" म्हणून परत पाठवण्याची सोयही आता उरलेली नाही. गुन्हा कुठंही घडलेला असला तरी कुठल्याही पोलीस ठाण्यानं तो नोंदवून घ्यायचा असतो.

पोलीस ठाण्याची पायरी चढायला भीती वाटत असेल तर १०९८ हा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक आहे. चाइल्डलाइनची सुरुवात १९९६ मध्ये मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका उपक्रमातून, जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकारानं झाली. रस्त्यावरच्या मुलांना रात्रीबेरात्री हाक मारायला कुणीतरी हवं ही त्यामागची तळमळ होती. २०२३ पासून ही सेवा सरकारच्या ताब्यात आहे आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली आहे. मूल स्वतः फोन करू शकतं, शेजारीही करू शकतो.

दवाखान्यात

बरीच कुटुंबं आधी पोलिसांत जायचं की दवाखान्यात, या विचारात अडकतात. उपचारासाठी एफआयआरची अट नाही. सरकारी असो की खासगी, अशा मुलावर ताबडतोब आणि विनामूल्य उपचार करणं प्रत्येक रुग्णालयावर बंधनकारक आहे. वेळेला महत्त्व आहे, कारण एचआयव्हीचा संसर्ग रोखणारी आणि गर्भधारणा टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत मिळू शकतात. तो काळ उलटून गेला तरी दवाखान्यात जावंच. उपचार, तपासणी आणि धीर यांची मुदत संपत नाही.

मुलीची तपासणी महिला डॉक्टरनंच करायची, आणि आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती तिथं हजर असायला हवी. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार बारा वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमती घ्यावी लागते, आणि मूल तपासणीच्या कुठल्याही टप्प्यावर नाही म्हणू शकतं. मुलीच्या 'सवयी' ठरवणारी दोन बोटांची अमानुष चाचणी सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये तिच्या खाजगीपणाचा भंग ठरवली. २०२२ मध्ये ती करणाऱ्या डॉक्टरला गैरवर्तनाचा दोषी धरण्याचं बजावलं.

पालकांनी आणि पत्रकारांनीही लक्षात ठेवावं असं एक वैद्यकीय सत्य आहे. अत्याचार झालेल्या बहुसंख्य मुलांच्या तपासणीत काहीही खूण सापडत नाही. स्पर्शानं, दाखवण्यानं, करायला लावण्यानं होणारे अत्याचार शरीरावर ठसा ठेवत नाहीत, आणि लहान मुलांच्या त्या भागातल्या जखमा फार लवकर भरून येतात. "रिपोर्ट नॉर्मल आला" याचा अर्थ "काही घडलं नाही" असा होत नाही. मुंबईत सेहत या संस्थेनं २००८ पासून महापालिकेच्या रुग्णालयांबरोबर काम करून दाखवलं, की डॉक्टर आणि परिचारिकांना नीट प्रशिक्षण दिलं तर हीच तपासणीची खोली मुलाला दिलासा देणारी होऊ शकते.

गणवेशाशिवाय पोलीस

पॉक्सोच्या कलम २४ नं पोलिसांची सवयीची पद्धत उलटी केली. मुलानं ठाण्यात जायचं नाही. अधिकाऱ्यानं मुलाच्या घरी किंवा ते म्हणेल तिथं यायचं. शक्यतो महिला उपनिरीक्षक, आणि अंगावर गणवेश नाही. मूल आरोपीच्या समोर येता कामा नये आणि कुठल्याही कारणानं रात्री ठाण्यात थांबवलं जाता कामा नये. मूल सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. भाषा वेगळी असेल, मूल भिल्ली किंवा कोरकू बोलणारं असेल, तर दुभाषा. ऐकू-बोलू न शकणारं किंवा बौद्धिक अपंगत्व असलेलं असेल तर विशेष शिक्षक. अपंग मुलांवर अत्याचार होण्याचा धोका इतरांहून अधिक असतो आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणारे सर्वांत कमी, म्हणून ही तरतूद फार मोलाची आहे.

तपास करणाऱ्या अधिकाऱ्यानं आपलं नाव, हुद्दा, फोन क्रमांक आणि आपल्या वरिष्ठांचं नाव कुटुंबाला द्यायचं असतं. ते मागून घ्यावं. मुलाचं नाव, फोटो, शाळा, गाव, ज्यावरून ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे, आणि हे वर्तमानपत्राइतकंच व्हॉट्सअॅपच्या गटालाही लागू आहे. "न्याय मिळालाच पाहिजे" म्हणून मुलीचा फोटो पुढं पाठवणारा माणूस तिचं नुकसानच करत असतो.

सोबत चालणारं माणूस

गुन्हा नोंदला की पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. बाल न्याय कायद्यानुसार असलेली ही समिती अध्यक्ष आणि चार सदस्यांची. मुलाला कुणापासून धोका आहे आणि ते कुठं राहावं हे बघणं तिचं काम. आरोपी त्याच घरात राहत असेल तर मुलाला घरी ठेवायचं की नाही हे समितीला तीन दिवसांत ठरवावं लागतं, आणि ते ठरवताना मुलाचं मत विचारावं लागतं. घरातून मुलालाच उचलून बालगृहात न्यायचं आणि आरोपी घरात राहायचा, असं झालं तर मुलाला ती आपलीच शिक्षा वाटते. आई ठामपणे मुलाच्या बाजूनं असेल, आरोपी अटकेत असेल किंवा आजोळी राहण्याची सुरक्षित सोय असेल, तर मूल आपल्या माणसांत राहणं बहुतेक वेळा चांगलं.

२०२० च्या पॉक्सो नियमांनी समितीच्या हाती एक मोलाचं साधन दिलं आहे. मूल आणि पालक यांच्या संमतीनं समिती मुलासाठी एक सहायक व्यक्ती नेमते. या क्षेत्रात सगळे तिला सपोर्ट पर्सनच म्हणतात. जबाबापासून निकालापर्यंत ती मुलाबरोबर असते. आज कुठं जायचंय, तिथं कोण भेटणार, ते काय विचारतील, याची कल्पना ती आधी देते. तारीख पडली तर कळवते. नुकसानभरपाईचा अर्ज, शाळेतलं नाव, समुपदेशकाची वेळ, औषधं यांचा पाठपुरावा करते. मुलाची प्रकृती आणि घरची परिस्थिती याबद्दल समितीला दरमहा अहवाल देते. जे ऐकलं ते गुप्त ठेवणं तिच्यावर बंधनकारक असतं. तिला मोबदलाही मिळायला हवा. तो कुशल कामगाराच्या किमान वेतनाहून कमी नसावा असं नियम सांगतात. अत्याचार सोसलेल्या मुलाला व्यवस्थेतून नेण्याचं काम कौशल्याचं आहे, ही त्यातली जाण महत्त्वाची.

अशा कुटुंबाला प्रत्यक्षात काय लागतं ते बघा. रोजंदारीवरची आई. पोलिसांकडे, रुग्णालयात, दंडाधिकाऱ्यांपुढे, समितीपुढे, न्यायालयात, प्रत्येक फेरीला तिची मजुरी बुडते. नवऱ्याचीच कमाई असेल आणि तोच आरोपी असेल तर चूल बंद पडते. सासरचे म्हणतात, "तक्रार मागं घे, पोरांना कोण पोसणार?" अशा आईला "खंबीर राहा" म्हणणं पोकळ आहे. समितीनं शिफारस केली तर अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी आठवड्याच्या आत रक्कम मिळू शकते. विशेष न्यायालय खटला संपायच्या आधीच अंतरिम भरपाई देऊ शकतं. आरोपी सापडला नाही किंवा सुटला, तरी मुलाचं नुकसान झाल्याचं न्यायालयाला पटलं तर भरपाई मिळू शकते. महाराष्ट्रात २०१३ पासून अशा भरपाईसाठी मनोधैर्य योजना आहे आणि तिचं काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बघतं. हा पैसा वेळेवर पोहोचला तर तक्रार मागं घेण्याचा दबाव पेलायला आईला बळ येतं. म्हणून भरपाईला मी संरक्षणाचाच भाग मानतो.

न्यायालयातला पडदा

साक्षीच्या दिवशी मुलाला सर्वांत जास्त भीती असते ती 'तो' दिसण्याची. साक्षी या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये सांगितलं, की मूल आणि आरोपी यांच्यामध्ये पडदा असावा आणि उलटतपासणीचे प्रश्न लिहून न्यायाधीशांकडे द्यावेत. पॉक्सोनं हे कायद्यात आणलं. वकिलानं प्रश्न न्यायाधीशांना द्यायचा आणि न्यायाधीशांनी तो सोप्या भाषेत मुलाला विचारायचा. मुलाला मध्ये मध्ये विश्रांती द्यायची, विश्वासाचं माणूस जवळ बसू द्यायचं, पुन्हा पुन्हा साक्षीला बोलवायचं नाही, चारित्र्यावर शिंतोडे उडवणारे प्रश्न चालू द्यायचे नाहीत, आणि सुनावणी बंद दालनात घ्यायची. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशातल्या उच्च न्यायालयांना अशा साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्ष केंद्रं उभारायला सांगितलं: वेगळं प्रवेशद्वार, खेळणी असलेली प्रतीक्षा खोली, व्हिडिओवरून साक्ष.

गोवा या वाटेवर आधीच निघाला होता. मडगावात मुलांचा आश्रम चालवणारा फ्रेडी पीट्स १९९१ मध्ये पकडला गेला आणि १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. पर्यटनाच्या आडून मुलांचं शोषण होतं हे त्यातून देशाला दिसलं. २००३ मध्ये गोव्यानं स्वतःचा बालक कायदा केला आणि मुलांसाठी वेगळं न्यायालय स्थापन केलं.

तरीही एक दुखणं उरतंच. कायदा म्हणतो, मुलाची साक्ष तीस दिवसांत नोंदवावी आणि खटला शक्यतो वर्षात संपवावा. कित्येक खटले त्याहून फार लांबतात. सहाव्या वर्षी घडलेलं दहाव्या वर्षी आठवून सांगायला लागणं म्हणजे विसरू पाहणाऱ्या मुलाला विसरायची मनाई करणं. अमेरिकेत अलाबामातल्या हंट्सव्हिल इथं बड क्रेमर या सरकारी वकिलानं १९८५ मध्ये मुलाच्या अशा फरफटीवर उपाय काढला: मुलाला कचेऱ्याकचेऱ्यांतून न फिरवता पोलीस, डॉक्टर, समुपदेशक आणि वकील यांनीच एका घरात यावं. आइसलँडनं १९९८ मध्ये त्याच धर्तीवर बार्नाहुस, म्हणजे मुलांचं घर, सुरू केलं. तिथं प्रशिक्षित व्यक्ती मुलाशी एका खोलीत बोलते, बाकीचे दुसऱ्या खोलीत पडद्यावर ऐकतात, आणि ते ध्वनिचित्रमुद्रण न्यायालयात चालतं. युरोपातल्या अनेक देशांनी ते स्वीकारलं. आपल्या प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी असं घर असणं अशक्य नाही. लागणारी माणसं आणि कायदा दोन्ही आपल्याकडे आहेत, ती विखुरलेली आहेत एवढंच.

घरी परतल्यावर

मुलं सावरतात. पालकांना सर्वांत आधी हे सांगायला हवं, कारण "पोरीचं आयुष्य संपलं" हे वाक्य पोरीच्या कानावर सर्वांत आधी पडतं. अनेक अभ्यासांनी दाखवलंय, की मूल कितपत सावरेल याचा एक मोठा आधार म्हणजे घरातल्या मोठ्या माणसानं त्याच्यावर ठेवलेला विश्वास आणि दिलेली साथ. "अत्याचार सोसलेला मुलगा पुढं स्वतः तसाच होतो" हा समजही टाकून द्यावा. बहुसंख्य मुलं तशी होत नाहीत.

सुरुवातीला दुःस्वप्नं, चिकटून राहणं, चिडचिड, अभ्यासात मागं पडणं, वयाला न शोभणारे लैंगिक खेळ असं काहीही दिसू शकतं. त्यावर ओरडू नये. झोपण्या-जेवण्याच्या वेळा, शाळा, खेळ यांचा जुना क्रम जितक्या लवकर परत येईल तितकं चांगलं, कारण रोजचं तेच ते घडणं मुलाला सुरक्षित वाटतं. जवळ घेण्याआधी विचारावं, "घेऊ जवळ?" आपल्या शरीरावर आपला हक्क आहे हे त्याला अशा लहान गोष्टींतून परत कळतं. विषय सारखा काढू नये आणि टाळूही नये. मूल बोललं तर ऐकावं. काही आठवड्यांनंतरही त्रास कमी झाला नाही, किंवा मूल स्वतःला इजा करण्याबद्दल बोललं, तर बालमानसतज्ज्ञांची मदत घ्यावीच. ज्युडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो आणि एस्थर डेब्लिंजर यांनी घडवलेल्या, आघातावर केंद्रित उपचारपद्धतीचा चांगला उपयोग होतो असं पुष्कळ चाचण्यांत दिसलंय. त्यात मुलाइतकंच पालकांबरोबर काम केलं जातं. आईलाही रडायला जागा हवी. फक्त ती मुलाच्या मांडीवर नसावी. भावंडांनाही घरात काहीतरी बिनसलंय हे कळतं, त्यांना त्यांच्या वयाला पेलेल इतकं सांगावं.

आपण काय विचारू शकतो

मुंबईतली अर्पण ही संस्था २००६ पासून शाळांमध्ये मुलांना वैयक्तिक सुरक्षिततेचे धडे देते: शरीराच्या अवयवांची खरी नावं, नाही म्हणण्याचा हक्क, आणि विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगेपर्यंत सांगत राहणं. हे शिक्षण आवश्यक आहे. पण मुलाला "सांग" म्हणून शिकवायचं आणि सांगितल्यावर ऐकणाऱ्याची तयारीच नसायची, हा विश्वासघात ठरेल. म्हणून मोठ्यांचं शिक्षण त्याआधी व्हायला हवं.

त्यासाठी पद लागत नाही. शाळेच्या पालकसभेत विचारावं: मुलांच्या सुरक्षिततेसाठी शासनानं २०२२ मध्ये सांगितलेली सखी सावित्री समिती इथं आहे का? शेवटची कधी भेटली? तक्रारपेटी कोण उघडतं? मूल बोललं तर शाळा त्याच दिवशी पोलिसांना कळवेल ना? गावातल्या बाल संरक्षण समितीत कोण आहे, हे ग्रामसभेत विचारावं. जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे विचारावं, की दुभाषे, विशेष शिक्षक आणि सहायक व्यक्ती यांची नोंदवही २०२० च्या नियमांप्रमाणे ठेवलेली आहे का, तिच्यात आज किती नावं आहेत, त्यांचे पैसे वेळेवर निघतात का. जिल्हा न्यायालयात मुलांसाठी वेगळी साक्षखोली सुरू आहे की कुलूपबंद, हे वकील संघटनेला विचारावं. ज्यांना वेळ आणि तयारी आहे त्यांनी स्वतः सहायक व्यक्तीचं प्रशिक्षण घेऊन त्या नोंदवहीत नाव घालावं. निवृत्त शिक्षक, परिचारिका, समाजकार्याचे पदवीधर हे काम उत्तम करू शकतील.

या प्रकरणात आलेली आपल्याकडची प्रत्येक तरतूद आज कायद्यात, नियमांत किंवा सरकारी-न्यायालयीन आदेशांत आहे. तिच्यासाठी नवं आंदोलन उभारायची गरज नाही. ती आपल्या शाळेत, आपल्या तालुक्यात, आपल्या ठाण्यात खरोखर पाळली जाते की नाही, हे कुणीतरी सतत आणि न कंटाळता विचारत राहण्याची गरज आहे. हे विचारणारी माणसं जितकी वाढतील, तितकं पुढच्या मुलाला बोलणं सोपं जाईल.